ब्रेक कॅलिपर बदलताय? आधी फ्रेड लँचेस्टरला भेटा

मे महिना संपत आला की काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत एकदा आम्हीही होतो: मी, माझा मावसभाऊ आणि त्याची सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार. निघण्याआधी दोन रविवार खपून त्याने बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच पुढचे ब्रेक कॅलिपर बदलले होते. आधीचे एका पिस्टनचे होते, नवे चार पिस्टनचे. लालभडक, अलॉय व्हीलच्या आरपार दिसणारे. शेंडी गावात गाडी लावली की पोरं फोटो काढायला जमायची आणि हा गडी खूश.

जाताना सगळा चढ, त्यामुळे ब्रेकला फारसं कामच नव्हतं. परत येताना घोटीच्या रस्त्यावर पेडल जरा मऊ लागलं. त्याने दुर्लक्ष केलं. कसारा घाटात मात्र एका वळणाआधी पेडल दाबलं आणि ते थेट खाली फ्लोअरला टेकलं. जळकट वास येत होताच. दुसरा गिअर, मग पहिला, सोबत हँडब्रेक, आणि डोंगराच्या बाजूला घासत घासत गाडी कशीबशी थांबली. कोणाला काही झालं नाही. पण पुढचा अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

मोठे, नवे, महागडे कॅलिपर लावूनही ब्रेक का गेले? गॅरेजमध्ये काय सापडलं ते शेवटी सांगतो. त्याआधी ज्याने हा प्रकार शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर काढला, त्या माणसाची गोष्ट ऐका. कारण आमची चूक नेमकी काय होती, ते मला त्याचं आयुष्य वाचताना कळलं.

अटीवर रेघ मारणारा पोरगा

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. जन्म २३ ऑक्टोबर १८६८, लंडनमधल्या लुईशममध्ये. आठ भावंडांतला चौथा. वडील वास्तुविशारद, आई गणित आणि लॅटिन शिकवणारी. पुढे हे कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटनला गेलं. फ्रेड साउदॅम्प्टनला शिकला, मग लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या सरकारी विज्ञान संस्थेत गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. यंत्रांचं शिक्षण त्याने फिन्सबरीच्या टेक्निकल स्कूलच्या संध्याकाळच्या वर्गात घेतलं. थोडे दिवस पेटंटचे नकाशे काढण्याची नोकरीही केली. दुसऱ्यांचे शोध दिवसभर रेखाटत बसायचे म्हणजे कुठे काय अडतं ते आपोआप कळतं. माझ्या मते त्याचं खरं कॉलेज तेच.

१८८९ मध्ये तो बर्मिंगहॅमजवळ सॉल्टलीला फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत लागला. करारात एक अट होती: नोकरीत असताना जो शोध लावशील तो कंपनीच्या मालकीचा. विशीतल्या या पोराने सही करण्याआधी त्या अटीवर सरळ रेघ मारली. कंपनीने ते चालवूनही घेतलं. मग त्याने इंजिनाचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारा गव्हर्नर बनवला, गॅस इंजिन आपोआप सुरू करणारा स्टार्टर बनवला, आणि त्यांतून मिळालेल्या पैशावर स्वतःचे प्रयोग सुरू केले. ती रेघ मारली नसती तर पुढची गाडीही झाली नसती.

गाडी, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चारचाकी, १८९५ मध्ये बांधायला घेतली आणि १८९६ च्या सुरुवातीला रस्त्यावर आली. त्या वेळी ब्रिटनमध्ये कायदा असा की यंत्रावर चालणाऱ्या वाहनापुढे एक माणूस पायी चालला पाहिजे. बाकी लोक फ्रान्स-जर्मनीतल्या गाड्यांची नक्कल करत होते किंवा घोडागाडीलाच इंजिन लावत होते. फ्रेडने कोरा कागद घेतला. इंजिन थरथरतं? मग दोन सिलेंडर, प्रत्येकाला वेगळा क्रँकशाफ्ट आणि दोन्ही उलट दिशेने फिरणारे, म्हणजे एकाचा हादरा दुसरा खाऊन टाकतो. पहिल्या गाडीचं एका सिलेंडरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन कमी पडलं, म्हणून त्याने या पद्धतीचं नवं बनवलं. गिअर, स्टिअरिंग, स्प्रिंगा, सगळं त्याच्या स्वतःच्या विचाराचं.

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी सुरू झाली. सोबत भाऊ जॉर्ज आणि फ्रँक. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमध्ये कारखाना. इथे त्याचा एक हट्ट होता, जो घरी गाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: एका गाडीचा कुठलाही पार्ट दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसला पाहिजे. त्या काळी कारागीर प्रत्येक पार्ट कानस घासून बसवायचे. फ्रेडने मापं ठरवली, मापं तपासायची साधनं बनवली आणि कानस बंद केली.

या गाड्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत रुडयार्ड किपलिंग होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला तोच लेखक. १९०२ मध्ये त्याने लँचेस्टर घेतली, ती वरचेवर बंद पडायची आणि मग कारखान्याला त्याच्या तक्रारीच्या तारा जायच्या. आज आपण कस्टमर केअरला टॅग करतो, तसंच.

१९०२ चा चिमटा

त्याच १९०२ मध्ये फ्रेडने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी की आज लहान पोरालाही पटेल. मागच्या चाकाबरोबर फिरणारी धातूची एक पातळ चकती. तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी पकडणारे दोन जबडे. ब्रेक ओढला की जबडे चकतीला चिमटतात. सायकलच्या रिमला दोन रबर जसे धरतात तसंच, फक्त रिमऐवजी वेगळी चकती. जबड्यांचा तो चिमटा म्हणजेच आपला कॅलिपर.

आणि तरीही तो चालला नाही. का?

पहिलं कारण, जबड्यांना लावायला योग्य माल नव्हता. फ्रेडने तांबं वापरलं. तांबं धातूच्या चकतीवर घासलं की असा कर्कश आवाज व्हायचा की रस्त्यावरची माणसं कानावर हात ठेवतील. त्यावर कच्चे रस्ते. चकती उघडी, धूळ-खडी थेट आत, त्यामुळे तांबं भराभर झिजायचं. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पुढे ॲस्बेस्टॉसचे लायनर आणले, तेव्हा आवाजाचा त्रास सुटण्यासारखा झाला. (ॲस्बेस्टॉस फुप्फुसांना घातक आहे हे जगाने नंतर मान्य केलं. अजूनही कुठे खूप जुने पॅड मिळाले तर त्यांची धूळ फुंकून उडवू नका.)

दुसरं कारण, दाब देण्याचं साधन. त्या वेळी ब्रेक दांडे आणि तारांनी ओढायचे. चकती पकडायला जो जोर लागतो तो तारेने चारही चाकांना सारखा पोचवणं अवघड. ब्रेक ऑइलच्या नळीतून दाब पोचवण्याची पद्धत अमेरिकेत माल्कम लॉकहीडने आणली, तोवर १९१८ उजाडलं होतं.

तिसरं कारण मला सगळ्यात मजेशीर वाटतं. एवढ्या ब्रेकची गरजच नव्हती! १९०२ मध्ये ब्रिटनमध्ये गाडीला कायद्याने परवानगी होती ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेगाची. वेग पाचपट झाला की गाडीतली ऊर्जा पंचवीसपट होते. म्हणजे आज हायवेवर ताशी १०० च्या वेगात तुमचा ब्रेक जेवढी उष्णता गिळतो, त्याच्या पंचविसाव्या भागाचं काम त्या काळच्या ब्रेकला होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉने आणलेला ड्रम ब्रेक तेवढ्यासाठी पुरेसा होता. ड्रम झाकलेला, धूळ आत जात नाही, स्वस्त. पुढची पन्नास वर्षं ड्रमचीच.

फ्रेडचा चिमटा बरोबरच होता. पण पॅड, दाब आणि रस्ता, या बाकीच्या तीन गोष्टी त्याच्या जागी नव्हत्या. आमच्या लाल कॅलिपरचं नेमकं हेच झालं होतं.

घाटात ऊर्जा जाते कुठे

जरा आकडे पाहू. समजा १२०० किलोची गाडी ३०० मीटर उतरते. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे साधारण ३५ लाख ज्यूल. थोडा भाग इंजिन आणि हवा खाते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाचा वाटा शून्य, आणि जवळजवळ सगळं ब्रेकच्या डोक्यावर. एवढ्या उष्णतेत ३० अंशाच्या १२ लिटर पाण्याला उकळी फुटते. किंवा ताशी १०० वरून सात-साडेसात वेळा पूर्ण थांबण्याएवढी ही ऊर्जा आहे, आणि मध्ये गार व्हायला उसंत नाही.

ही उष्णता चकतीत जाते, चकतीतून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल फ्लोअरला टेकतं ते असं.

आता मोठ्या कॅलिपरचं गणित बघा. जुन्या कॅलिपरमध्ये समजा एकच ५४ मिलिमीटरचा पिस्टन आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. नव्यात चार पिस्टन आहेत, प्रत्येकी ३८ मिलिमीटरचे. पकड मोजताना एका बाजूचेच दोन धरायचे, कारण समोरचे दोन फक्त उलट बाजूने तेवढंच दाबतात. दोघांचं मिळून क्षेत्रफळ पुन्हा सुमारे २३ चौरस सेंटिमीटर! म्हणजे पकडण्याचा जोर तेवढाच. फायदा आहे, पण वेगळा: पॅड मोठा बसतो आणि सगळीकडून सारखा दाबला जातो, कॅलिपर कमी वाकतो, पेडल टणक लागतं. आणि पिस्टन याहून मोठे घेतले तर? जोर वाढतो, पण त्यांना हलवायला ऑइलही जास्त लागतं. मास्टर सिलेंडर जुनाच असेल तर पेडल जास्त खोल जातं, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा तोलही बिघडतो.

आणखी एक गोष्ट कोणी विक्रेता सांगत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर तुमची एबीएस खडखडत असेल, तर टायरची पकड आधीच संपलेली आहे. त्यापुढे कॅलिपर कितीही मोठा लावा, गाडी एक फूटही आधी थांबणार नाही.

विमान, लंबक आणि रिकामा खिसा

फ्रेडकडे परत येऊ. १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ऑर्डरी होत्या, खेळतं भांडवल नव्हतं. लँचेस्टर मोटर कंपनी या नावाने ती पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडचा तिच्यावरचा ताबा सुटत गेला आणि डिझाइनचं काम हळूहळू भाऊ जॉर्जकडे आलं. त्याच १९०४ मध्ये त्याने चार सिलेंडरच्या इंजिनाची थरथर मारणाऱ्या बॅलन्स शाफ्टचं पेटंट घेतलं. सत्तरच्या दशकात मित्सुबिशीने ती कल्पना नव्याने गाड्यांत आणली आणि जग वाहवा करू लागलं.

विमानांचंही तसंच. राइट बंधू उडायच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, पंखावर हवा कशी फिरते याबद्दल त्याने बर्मिंगहॅममध्ये व्याख्यान दिलं होतं. त्यावरचा लेख लंडनच्या विद्वानांनी परत पाठवला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने दोन जाड पुस्तकं लिहिली. भाषा अवघड, गणिताची मांडणी स्वतःची, वाचणारे थोडे. पुढे जर्मनीत लुडविग प्रांटलने तोच विचार नीट गणितात बसवला आणि आज त्या सिद्धान्ताला दोघांचंही नाव आहे. युद्धात कुठल्या बाजूचं संख्याबळ किती परिणाम करतं याची समीकरणंही फ्रेडची, १९१६ च्या पुस्तकातली. स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांनी ती नकळत वापरलेली असतात.

तुमच्या फोनशी त्याचा एक संबंध आहे. गाडी किती झपाट्याने वेग घेते किंवा थांबते हे मोजायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लंबकाचा ॲक्सेलरोमीटर बनवला. गाडी ब्रेक मारते, टांगलेला लंबक पुढे झुकतो, आणि किती झुकला त्यावरून ब्रेकचा जोर कळतो. लंबक ४५ अंश झुकला तर तो जोर बरोबर गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हणजे १ जी. तुमच्या फोनमधली चिप हेच करते, फक्त लंबकाऐवजी सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा तुकडा स्प्रिंगवर झुलत असतो.

१९०९ पासून वीसेक वर्षं तो डेमलर कंपनीचा सल्लागार होता. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. दरम्यान १९१९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, डोरोथिया कूपरशी लग्न. त्या काळात आपल्याकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण चढत होतं. १९१० मध्ये सुरू झालेलं ते काम १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याला गव्हर्नर विल्सनचं नाव मिळालं.

फ्रेडने मग लाउडस्पीकर बनवण्याची स्वतःची कंपनी काढली. आवाज चांगला होता म्हणतात, धंदा झाला नाही. डेमलरचं काम सुटलं, पैसा संपला. पार्किन्सन्सने हात थरथरू लागले. ज्याने आयुष्यभर इंजिनांची थरथर मोडली त्याच्या वाट्याला हे यावं! डोळेही अधू झाले. शेवटी मोटार उद्योगातल्या लोकांनी मदत करून मोझलीमधलं त्याचं घर चालू ठेवलं. ८ मार्च १९४६ रोजी तो गेला.

सात वर्षांनी, जून १९५३ मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप उतरली. चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. डनलॉपने ते आधी विमानांसाठी बनवले होते. सुरुवातीच्या चाचण्यांत तिथेही ऑइल उकळायचं. पॅड, नळ्या, ऑइल, चकती असं एकेक करून सगळं सुधारल्यावर गाडी शर्यतीत आली. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला बाकीचे ड्रायव्हर ब्रेक मारायचे, तरी जॅग्वारवाले अजून पुढे जायचे आणि मग ब्रेक मारायचे. सरासरी ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने जॅग्वार जिंकली. १९५५ पासून सिट्रोएन डीएसने हा ब्रेक साध्या ग्राहकांपर्यंत नेला.

आमच्या गाडीत काय निघालं

आता गॅरेजमधली गोष्ट. टो करून आणलेली गाडी मिस्त्रींनी लिफ्टवर घेतली, खाली वाकून बघितलं आणि हसले. एअर काढायचे निपल दोन्ही कॅलिपरला खालच्या बाजूला होते. भावाने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट बसले, म्हणून त्याला वाटलं बरोबर आहे. पण हवा वर जाते. निपल खाली असला की कितीही पंप मारा, वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा निघत नाही. पेडल पहिल्या दिवसापासून मऊ होतं, ते पॅड अजून बसायचे आहेत म्हणून, असं त्याने स्वतःलाच समजावलं होतं.

दुसरं, ब्रेक ऑइल जुनंच. टाकीत कमी पडलं तेवढं वरून भरलेलं. किती वर्षांचं ते गाडीच्या आधीच्या मालकालाच ठाऊक. रंग चहासारखा. तिसरं, कॅलिपरला नळी जोडणाऱ्या बान्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर पुन्हा तेच वापरलेले, त्यामुळे एका बाजूला ओल होती. आणि चौथं, मागचे पॅड संपत आलेले. लाल रंगाच्या नादात मागे कोणी बघितलंच नव्हतं.

घरी हे काम करणार असाल तर मिस्त्रींनी त्या दिवशी त्याला सुनावलं तेच सांगतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचे. कॅलिपर नळीला लोंबकळत सोडायचा नाही, तारेने बांधायचा. बोल्टच्या आट्यांचं माप जुळतंय का ते हाताने फिरवून बघायचं, पान्याने जबरदस्ती करायची नाही. बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावरच आवळायचे. वॉशर नवे. ऑइल पूर्ण नवं, सीलबंद डब्यातलं, आणि निपल वर. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला बहुतेक गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे घरचं काम थांबवायचं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, त्यामुळे तुमच्या मॉडेलला कंपनीनेच मान्य केलेला पार्ट नसेल तर इन्शुरन्सवालाही हात वर करेल.

भावाने सगळं पुन्हा केलं, या वेळी मिस्त्रींच्या देखरेखीखाली. मोठे कॅलिपर उतरवून गाडीचे मूळचेच परत बसवले, नवे पॅड, नवं ऑइल, मागेही नवे पॅड. लाल जोडी ओएलएक्सवर टाकली.

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. निघण्याआधी एका रिकाम्या सपाट रस्त्यावर फोन डॅशबोर्डला पक्का बसवून ॲक्सेलरोमीटरचं ॲप लावलं आणि ताशी ५० वरून ब्रेक मारून बघितला. शून्य पूर्णांक आठ जी. लाल कॅलिपर बसवल्यावर पहिल्या रविवारी त्याने कौतुकाने स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यातही आकडा हाच होता. परतीला कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, पेडल दाबून धरलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. पेडल वरच होतं.